इंजेक्शन आणि सलाईनच्या पलीकडं : बीएस्सी नर्सिंगच्या ४ वर्षांत नेमकं काय शिकवतात?

नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम करणाऱ्या अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं हल्ला केला. गळा आवळला गेल्यामुळं मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि अरुणा कायमच्या अंथरुणाला खिळल्या. अनेक वर्षांनी त्यांच्या इच्छामरणाची याचिका सुप्रीम कोर्टात गेली. मार्च २०११ मध्ये कोर्टानं ती फेटाळली, पण निष्क्रिय इच्छामरणाचा रस्ता देशात पहिल्यांदा उघडला. हा निकाल आजही त्यासाठीच ओळखला जातो.

पण त्या खटल्यात आणखी एक गोष्ट समोर आली होती, तिच्याकडं फार कुणाचं लक्ष गेलं नाही. खाटेवर तब्बल ३७ वर्षं काढलेल्या अरुणा यांना एकदाही बेडसोर झाला नव्हता. कोर्टानं केईएमच्या परिचारिकांचं त्यासाठी तोंडभरून कौतुक केलं. २०१५ मध्ये अरुणा गेल्या, तोपर्यंत परिचारिकांच्या किती तरी पिढ्यांनी त्यांना सांभाळलं होतं.

ज्यांच्या घरात अर्धांगवायूचा पेशंट असेल, त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. कारण काळजी घेण्यात थोडी जरी ढिलाई झाली तरी काही दिवसांत पाठीवर लाल चट्टा येतो, मग कातडी सोलवटते आणि जखम हाडापर्यंत जाते.

मग ३७ वर्षांत एकही जखम नाही, हे जमलं कसं? माया आणि जिव्हाळा तर होताच. पण नुसत्या मायेनं बेडसोर थांबत नाही. त्यासाठी जे यावं लागतं ते रीतसर शिकवलं जातं, त्याची परीक्षा होते आणि त्यात नापासही करतात.

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की, "नर्सिंगला टाकू का पोरीला?" हा प्रश्न घराघरात निघतो. आणि बहुतेकांच्या डोक्यात नर्सिंग म्हणजे इंजेक्शन देणं, सलाईन बदलणं आणि डॉक्टरांच्या मागं फाईल घेऊन फिरणं. एवढंच असेल तर ४ वर्षं कशाला लागतात?

तेच समजून घेऊ.

आधी एएनएम, जीएनएम आणि बीएस्सी यातला फरक

रुग्णालयात आपण सगळ्यांनाच 'सिस्टर' म्हणतो. पण त्यांच्या शिक्षणाच्या वाटा वेगवेगळ्या असतात.

एएनएम हा २ वर्षांचा अभ्यासक्रम. गावच्या उपकेंद्रात लसीकरण करणाऱ्या, गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या ताई बहुतेक वेळा एएनएम असतात. जीएनएम हा ३ वर्षांचा डिप्लोमा. आणि बीएस्सी नर्सिंग ही ४ वर्षांची पदवी. जीएनएम झालेल्यांना पुढं २ वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते.

भारतात ४ वर्षांची नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये सुरू झाली, दिल्ली आणि वेल्लोर या दोन ठिकाणी. पुढच्याच वर्षी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभरात काय शिकवायचं हे ठरवण्याचं काम या कौन्सिलकडं आलं. २०२३ मध्ये संसदेनं १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला.

महाराष्ट्रात बीएस्सी नर्सिंगची परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं नोंदणी करावी लागते. नोंदणीनंतर नावामागं परिचारिका आणि प्रसूतितज्ज्ञ परिचारिका असे दोन हक्क लागतात. म्हणजे बाळंतपण करण्याचं शिक्षणही याच पदवीत येतं.

२०२१-२२ पासून देशभर नवा अभ्यासक्रम लागू झाला. पूर्वी वर्षाला एक परीक्षा असायची, आता ८ सेमिस्टर आहेत. बेडसोरपासूनच सुरुवात करू, म्हणजे हा अभ्यासक्रम कसा रचलाय ते लक्षात येईल.

पहिलं वर्ष : एका जखमेत सहा विषय

पहिल्या वर्षाचे विषय वाचले की ते एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे वाटतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इंग्रजी, जीवरसायनशास्त्र, पोषण आणि आहारशास्त्र, आरोग्य माहिती तंत्रज्ञान. आणि या सगळ्यांच्या मधोमध 'नर्सिंग फाउंडेशन' हा सगळ्यात मोठा विषय.

आता अंथरुणाला खिळलेला एक पेशंट डोळ्यांसमोर आणा.

त्याला जखम कुठं होणार? जिथं हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस कमी असतं तिथं. माकडहाडाजवळ, टाचांवर, कमरेच्या बाजूच्या हाडावर, खांद्याच्या पात्यावर, डोक्याच्या मागच्या बाजूला. हे शरीररचनाशास्त्र.

जखम का होणार? एकाच जागी दाब राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही आणि पेशी मरायला लागतात. हे शरीरक्रियाशास्त्र. म्हणूनच साधारण दर २ तासांनी कूस बदलायची असते. आणि पेशंटला ओढून वर सरकवायचं नसतं, दोघांनी मिळून उचलून सरकवायचं असतं. कारण ओढताना कातडी चादरीला चिकटून राहते, हाड मात्र पुढं जातं आणि आतल्या आत इजा होते.

जखम भरणार कशानं? प्रथिनांनी. पेशंट नुसत्या पेजेवर असेल तर कितीही ड्रेसिंग करा, जखम भरत नाही. हा पोषणाचा विषय.

पेशंट कूस बदलायला नकार देतो, चिडतो, जेवत नाही. का? हे मानसशास्त्र. घरी गेल्यावर त्याची कूस कोण बदलणार? सून कामावर जाते, मुलगा रात्रपाळीला आहे, म्हातारीला त्याचं वजन उचलत नाही. मग घरी काय शिकवून पाठवायचं? हे समाजशास्त्र. आणि दर वेळी केलेली गोष्ट वेळेसह लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या शिफ्टला कळतं, हा नोंदींचा भाग.

नर्सिंग फाउंडेशनमध्ये हे सगळं हातानं करायला शिकवतात. सुरुवात चक्क गादीवर चादर घालण्यापासून होते. चादरीला एक जरी चुणी राहिली तरी मॅडम पुन्हा घालायला लावतात. नव्या पोरींना हा जाच वाटतो. पण ती चुणी पेशंटच्या पाठीखाली आठ तास राहिली तर काय होतं, हे पहिल्या वॉर्ड पोस्टिंगला दिसतं.

मग तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब. हात धुण्याची पद्धत. बेशुद्ध पेशंटचं तोंड साफ करणं. नाकातून पोटात नळी घालून अन्न देणं, लघवीची नळी, एनिमा, ऑक्सिजन, इंजेक्शन. आणि शेवटी मृत्यूनंतर देहाची काळजी कशी घ्यायची, नातेवाइकांशी काय बोलायचं, हेसुद्धा. १८ वर्षांच्या मुलामुलींना हे शिकावं लागतं.

आधी प्रयोगशाळेत पुतळ्यावर, मग एकमेकांवर आणि मग शिक्षिकेच्या देखरेखीखाली खऱ्या पेशंटवर, असा क्रम असतो.

डॉक्टरांचं निदान वेगळं, नर्सिंगचं वेगळं

'नर्सिंग निदान' ही अनेकांना माहीत नसलेली गोष्ट याच टप्प्यावर येते.

समजा, पेशंटला पक्षाघाताचा झटका आलाय. डॉक्टरांचं निदान 'स्ट्रोक'. ते औषधं लिहून पुढच्या पेशंटकडं जातात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यानं त्याच पेशंटकडं बघून काय लिहायचं असतं? गिळता येत नाही, म्हणून पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका. एक बाजू हलत नाही, म्हणून जखम होण्याचा आणि पडण्याचा धोका. बोलता येत नाही, म्हणून दुखतंय हे सांगता न येण्याची अडचण.

मग या प्रत्येक धोक्यावर काय करायचं, ते केल्यावर फरक पडला का, नाही पडला तर काय बदलायचं, हे सगळं मांडावं लागतं. पाहणी, निदान, नियोजन, कृती आणि मूल्यमापन अशा पाच पायऱ्या असतात. चारही वर्षं प्रत्येक पोस्टिंगमध्ये विद्यार्थी अशा 'केअर प्लॅन'च्या वह्या भरत असतात. हॉस्टेलवर रात्री जागून कॉपी करण्याचा प्रकारही याच वह्यांच्या बाबतीत होतो, हेही तितकंच खरं.

दुसरं वर्ष : रात्री ३ वाजता कुणाला काय दिसतं?

दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, रोगनिदानशास्त्र, जनुकशास्त्र आणि प्रौढ रुग्णांचं नर्सिंग येतं. वृद्धांची काळजी आणि बरा न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारी काळजीही इथंच. बहुतेकांच्या मते हेच वर्ष सगळ्यात जड.

कारण इथं गणित येतं आणि त्या गणितात चुकून चालत नाही.

साधं उदाहरण घ्या. ५०० मिलीची सलाईन ४ तासांत द्यायची आहे. सलाईन सेटमधून २० थेंबांत १ मिली जातं. मग मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० म्हणजे १०,००० थेंब, भागिले २४० मिनिटं. उत्तर साधारण ४२. लहान मुलांसाठी वापरतात त्या सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली होतो, तिथं हेच उत्तर १२५ येतं. सेट बदलला आणि आकडा तोच ठेवला तर औषध तिप्पट वेगानं किंवा तिप्पट हळू जाणार.

इन्सुलिनचं तर त्याहून नाजूक. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा १ मिलीत ४० युनिटचं असतं, तर पेनमधलं १०० युनिटचं. दोन्हींच्या सिरिंजही वेगळ्या. १०० युनिटचं इन्सुलिन चुकून ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट मिळतं. साखर एकदम खाली जाऊन माणूस दगावू शकतो.

पोटॅशियम क्लोराईड हे असंच एक औषध. ते पातळ न करता थेट शिरेतून दिलं तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच नियम विद्यार्थ्यांकडून अक्षरशः पाठ करून घेतात. औषध लिहितो डॉक्टर, पण ते अंगात जाण्याआधी चूक पकडण्याची शेवटची संधी सिस्टरच्या हातात असते.

याच वर्षी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवली जाते, ती म्हणजे पेशंट खालावतोय हे वेळेत ओळखणं.

एक प्रसंग बघा. पोटाचं ऑपरेशन होऊन पेशंट वॉर्डात आलाय. रात्रीचे ३ वाजलेत. बीपी अजून नॉर्मल आहे. पण नाडी ८४ वरून ११० वर गेलीय. श्वास वाढलाय. पेशंट उगाच चुळबुळ करतोय, हात गार लागतायत आणि लघवीच्या पिशवीत गेल्या तासाभरात जेमतेम २० मिली जमा झालंय. नातेवाइकांना वाटतं, झोप येत नसेल.

शिकलेल्या डोळ्यांना दिसतं की आत कुठंतरी रक्तस्राव होत असावा. शरीर नाडी वाढवून बीपी धरून ठेवतंय. बीपी कोसळण्याची वाट बघितली तर उशीर झालेला असेल. अशा वेळी डॉक्टरांना उठवून "पेशंट बरा नाही वाटत" एवढंच सांगून भागत नाही. काय घडलंय, आधीची परिस्थिती काय होती, आता आकडे काय आहेत आणि काय हवंय, हे अर्ध्या मिनिटात सांगता आलं पाहिजे. ते सांगण्याची पद्धतसुद्धा शिकवतात आणि तिचा सराव घेतात.

हृदय बंद पडलं तर सीपीआर. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, ३० दाबांनंतर २ श्वास. याचं स्वतंत्र मॉड्युल अभ्यासक्रमात आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राचा उपयोग वॉर्डातल्या कचऱ्याच्या बादलीपाशीही होतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार रक्तानं माखलेला कापूस पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. एक सुई चुकीच्या पिशवीत गेली तर सफाई कामगाराच्या हातात घुसते आणि त्याला कावीळ किंवा एचआयव्हीचा धोका होतो.

तिसरं वर्ष : बाळ, मन आणि गाव

तिसऱ्या वर्षात विद्यार्थी मोठ्या रुग्णालयाच्या भिंतीबाहेर पडतात.

बालरोग नर्सिंगमध्ये मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नसते, इथूनच धडा सुरू होतो. औषध वजनावर मोजून द्यायचं, दुखतंय हे चेहऱ्यावरून ओळखायचं, कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी ठेवण्याची 'कांगारू' पद्धत आईला शिकवायची.

मानसिक आरोग्य नर्सिंगसाठी मनोरुग्णालयात पोस्टिंग असते. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जाण्याआधी मनात जी भीती असते, ती आठवडाभरात बहुतेकांची जाते. इथं इंजेक्शनपेक्षा बोलणं जास्त कामाला येतं. आत्महत्येचे विचार येतायत का, हा प्रश्न पेशंटला सरळ विचारायचा असतो. विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, हे आधी विद्यार्थ्यांना पटवावं लागतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आणि पेशंटचे हक्क हेही शिकवतात.

सामुदायिक आरोग्य नर्सिंग हा गावाशी जोडणारा विषय. सपाट भागात साधारण ५,००० लोकांमागं आणि डोंगरी, आदिवासी भागात ३,००० लोकांमागं एक उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण रुग्णालय, ही रचना समजून घ्यायची. आशा ताईंसोबत घरोघरी जायचं. लसीच्या बाटलीला जास्त उष्णता लागली का, हे बाटलीवरच्या खुणेवरून ओळखायचं. विदर्भात किंवा नंदुरबारमध्ये पोस्टिंग असेल तर सिकलसेलचे पेशंट भेटतात, ऊसतोडीच्या पट्ट्यात अर्धं गाव स्थलांतराला गेलेलं असतं. पुस्तकातला 'समाज' तेव्हा खरा होतो.

नव्या अभ्यासक्रमात आयुष्मान आरोग्य मंदिरात काम करणाऱ्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यासाठी लागणारी कौशल्यंही धरलेली आहेत.

अजून एक नवा विषय म्हणजे न्यायवैद्यक नर्सिंग आणि भारतीय कायदे. लैंगिक अत्याचार झालेली मुलगी रुग्णालयात आली की तिला पहिल्यांदा भेटणारी व्यक्ती अनेकदा परिचारिका असते. तिच्याशी कसं बोलायचं, तिची संमती कशी घ्यायची, पॉक्सो कायदा काय सांगतो, कपडे कशात ठेवायचे? तर कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. एवढ्या छोट्या गोष्टीवर कोर्टातली केस उभी राहते किंवा पडते.

याच वर्षी प्रसूती नर्सिंग सुरू होतं. त्यासोबत नर्सिंग व्यवस्थापनही, म्हणजे वॉर्ड कसा चालवायचा आणि ड्युटी कशी लावायची.

चौथं वर्ष : बाळंतपण आणि शेवटचे २२ आठवडे

सातव्या सेमिस्टरमध्ये प्रसूती नर्सिंगचा दुसरा भाग, सामुदायिक नर्सिंगचा दुसरा भाग आणि संशोधन व संख्याशास्त्र येतं. विद्यार्थ्यांना गटानं छोटा संशोधन प्रकल्प करावा लागतो.

बाळंतपण शिकणं म्हणजे बाळ बाहेर काढणं शिकणं, असं वाटतं. प्रत्यक्षात लक्ष दोघांवर ठेवायचं असतं. बाळ जन्मलं की पहिल्या मिनिटात ते रडलं का, श्वास घेतंय का, हे बघायचं. नसेल तर त्याच मिनिटात श्वास द्यायला सुरुवात करायची. आणि त्याच वेळी आईला रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं. त्यानंतर पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक झालंय की मऊच आहे, हे वारंवार बघायचं. मऊ राहिलं तर रक्त जात राहतं. सगळे नातेवाईक बाहेर पेढे वाटत असताना आईचा जीव जाऊ शकतो तो याच वेळेत.

आठवं सेमिस्टर म्हणजे इंटर्नशिप. एकूण २२ आठवडे. प्रौढ रुग्णांच्या विभागात ६ आठवडे आणि सामुदायिक, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती या विभागांत प्रत्येकी ४. आठवड्याला ४८ तास ड्युटी, रात्रपाळीसकट. इथं विद्यार्थी जवळपास स्टाफसारखंच काम करतात.

पास होण्यासाठी इंग्रजी सोडून बाकी मुख्य विषयांत लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे किमान ५० टक्के गुण लागतात. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी पुरते. पण पदवी हातात पडण्याआधी प्रात्यक्षिकाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावीच लागते. आजारपणात चुकलेली ड्युटी नंतर भरून द्यावी लागते.

प्रवेश कुणाला मिळतो?

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण हवं. मुलं आणि मुली दोघांनाही प्रवेश मिळतो. वॉर्डात मुलांना 'ब्रदर' म्हणतात.

महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी घेतो. तिच्यात या चार विषयांसोबत नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न असतात. नियमांत बदल होत असतात, त्यामुळं अर्ज भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका बघणं गरजेचं.

शिकवणं आणि परीक्षा इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना पहिले सहा महिने याचाच त्रास होतो. पण पेशंट मराठीत बोलतो, अहिराणीत बोलतो, वऱ्हाडीत बोलतो. "पोटात कालवतंय" आणि "पोटात कळ येतेय" यातला फरक ज्याला आपोआप कळतो, त्याची वॉर्डात बाजू वरचढ असते.

कॉलेज निवडताना बिल्डिंग नको, खाटा बघा

इथंच खरी मेख आहे. वर सांगितलेलं सगळं कागदावर प्रत्येक कॉलेजात सारखंच आहे. पण रात्री ३ वाजता नाडी वाढलेला पेशंट बघायला मिळाला तरच ते डोळे तयार होतात. त्यासाठी कॉलेजला रुग्णालय हवं आणि रुग्णालयात पेशंट हवेत.

बीएस्सी नर्सिंगच्या कॉलेजला किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय हवं, असा कौन्सिलचा निकष आहे. म्हणून प्रवेश घेण्याआधी काही गोष्टी विचारायलाच हव्यात. रुग्णालय कुठं आहे, तिथं प्रत्यक्ष पेशंट किती असतात? महिन्याला बाळंतपणं किती होतात? मनोरुग्णालयाचं पोस्टिंग कुठं होतं? वॉर्डात सोबत शिक्षिका असतात का? आणि सगळ्यात आधी, महाराष्ट्र परिचर्या परिषद, कौन्सिल आणि विद्यापीठ यांच्या यादीत त्या वर्षासाठी कॉलेजचं नाव आहे का?

या प्रश्नांची उत्तरं शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून सगळ्यात खरी मिळतात. "बाळंतपणं किती केलीस?" असं विचारल्यावर समोरचा गप्प बसला, तर उत्तर मिळालं असं समजा. खाटा रिकाम्या असलेल्या ठिकाणी लॉगबुक भरतं, हात मात्र रिकामेच राहतात. आणि त्याची किंमत पुढं कुठल्या तरी वॉर्डात कुठला तरी पेशंट मोजतो.

पुढं काय?

पदवीनंतर शासकीय आणि खासगी रुग्णालयं, समुदाय आरोग्य अधिकारी, लष्करी नर्सिंग सेवा, एम्सची नॉरसेट परीक्षा, एमएस्सी करून शिकवणं, असे रस्ते आहेत. परदेशात जायचं तर प्रत्येक देशाचं दार वेगळं. अमेरिकेसाठी एनसीएलईएक्स, ब्रिटनसाठी इंग्रजीची परीक्षा आणि तिथल्या कौन्सिलच्या चाचण्या, जर्मनीसाठी जर्मन भाषा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात नर्सिंगही आहे.

पण सगळं गुळगुळीत नाही. खासगी रुग्णालयांतल्या पगाराचा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. त्यानंतर नेमलेल्या समितीनं २०१६ मध्ये ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयानं सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा, असं सुचवलं. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. आजही छोट्या शहरात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरानं हा आकडा माहीत ठेवूनच मुलाखतीला जावं.

दुसरा प्रश्न संख्येचा. शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ पेशंटमागं १ आणि साध्या रुग्णालयात ५ पेशंटमागं १ परिचारिका असावी, असा कौन्सिलचा निकष आहे. गर्दीच्या जनरल वॉर्डात रात्रपाळीला एकट्या सिस्टरकडं किती पेशंट असतात, हे ज्यांनी तिथं नातेवाईक म्हणून एखादी रात्र काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. दर २ तासांनी कूस बदलायची, हे तिला पाठ असतं. पण एका सिस्टरला ४० जणांची कूस बदलता येत नाही.

अरुणा शानबाग यांच्या खाटेपाशी ज्ञानही होतं आणि पाळीपाळीनं येणारे हातही होते. ४ वर्षांची पदवी यातलं ज्ञान देते. हात किती असावेत, हे रुग्णालयं आणि सरकार ठरवतं.

पुढच्या वेळी वॉर्डात "सिस्टर, सलाईन संपलं" अशी हाक मारताना, त्या आपल्या पेशंटकडं येऊन आधी त्याच्या नखांकडं, श्वासाकडं आणि लघवीच्या पिशवीकडं बघतायत का, तेवढं लक्ष द्या. बघत असतील, तर पेशंट चांगल्या हातात आहे.